प्रकाश तयार, बाटली पडून

रक्तात जंतू शिरले की घड्याळ रुग्णाच्या विरोधात धावू लागतं. सेप्टिक शॉकमध्ये रक्तदाब कोसळल्यावर योग्य अँटिबायोटिकला होणारा प्रत्येक तासाचा उशीर जगण्याची शक्यता सुमारे साडेसात टक्क्यांनी घटवतो, असं २००६च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. आणि ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, पक्का रिपोर्ट येतो दोन-तीन दिवसांनी. तोवर डॉक्टर अंदाजाने मेरोपेनेमसारखं जबर औषध सुरू करतात. दुसरं करणार काय? पण याच अंदाजांवर औषधांना न जुमानणारे जंतू पोसले जातात.

हा अंदाज संपवू शकणारा प्रकाश रामन आणि कृष्णन यांनी १९२८ साली कोलकात्यात पाहिला. पदार्थावरून विखुरणाऱ्या प्रकाशातला जेमतेम कोटीतला एखादा कण रंग बदलून परततो. किती बदलतो, ते रेणूंच्या कंपनांवर ठरतं. प्रत्येक जंतूची प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, पेशीभित्ती वेगळी, म्हणून त्याचा वर्णपटही वेगळा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१९मध्ये तीस प्रकारच्या जंतूंचे वर्णपट संगणकाला शिकवले. जंतूची नेमकी ओळख ८२ टक्के वेळा पटली, आणि उपचार कोणत्या औषधाने करावा हे ९७ टक्के वेळा बरोबर आलं.

मात्र ते जंतू प्रयोगशाळेत वाढवलेले होते. रुग्णाच्या एक मिलिलिटर रक्तात जंतू अनेकदा दहासुद्धा नसतात, आणि तांबड्या पेशी असतात पाचशे कोटी. त्या गर्दीतून जंतू वेगळे काढणं हाच खरा अवघड भाग आहे. ‘काही मिनिटांत निदान’ अशा बातम्या तो गाळतात, ही वाचकांची फसवणूक आहे. पैसा आणि डोकं इथे लागायला हवं.

आणि या प्रकाशाने जंतू ओळखणारं यंत्र आलं तरी आपण त्याला रक्त केव्हा देणार? पहिला डोस देऊन झाल्यावर कल्चर घ्यायचं, तेही एकाच बाटलीत, चार थेंब. रात्री घेतलेली बाटली सकाळपर्यंत टेबलावर, शनिवारची सोमवारपर्यंत. हे अनेक रुग्णालयांत रोज चालतं. प्रौढ रुग्णाचं वीसेक मिलिलिटर रक्त दोन बाटल्यांत, असे दोन संच, औषध न लांबवता पण त्याच्या आधी घ्यायचे आणि रात्री दोनलाही त्या बाटल्या लगेच कल्चरच्या यंत्रात ठेवणारा तंत्रज्ञ नेमायचा. यासाठी कुठल्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. पगार मंजूर करावा लागतो.