पेडलपंत

आगाशीत गिटार वाजवणारे काही कमी नाहीत. नंदाखालच्या चर्चच्या क्वायरमध्ये सापडतात, नवरात्रातल्या ऑर्केस्ट्रात सापडतात, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाळूत बसून तीन कॉर्डवर दहा गाणी उरकणारेही सापडतात. ही मंडळी गिटार काढतात, खुंट्या पिळतात, वाजवतात आणि जेवायला जातात. पण गिटार गळ्यात अडकवून जो लोकांकडे बघायच्या ऐवजी स्वतःच्या पायांकडे बघतो, मग उकिडवा बसून तासभर बटणं फिरवतो आणि "अजून तो आवाज येत नाही" असं पुटपुटतो, तो पेडलपंत समजावा.

पेडलपंताला जातपात नाही. तो वाडवळ असतो, कुपारी असतो, ग्लोबल सिटीत फ्लॅट घेऊन आलेला घाटावरचाही असतो. दिवसा बँकेत, शाळेत किंवा केळीच्या वाडीत तो आपलं काम बिनचूक करतो. चार माणसांत बसला तर समंजस वाटतो. रात्री जेवणं झाली की मात्र खोलीचं दार लागतं, आणि शेजाऱ्यांना पाऊण तास एकच सूर ऐकू येतो. गाणं नव्हे, सूर. एकच. तो कधी जवळ येतो, कधी लांब जातो, कधी पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. शेजारी बिचारे समजून घेतात. त्यांच्या मते मुलगा अजून शिकतोय. मुलगा अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे.

ज्यांच्या घरी असा कुणी नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. पेडल म्हणजे तळहाताएवढा पत्र्याचा डबा. गिटारची वायर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने अँपकडे जाते, आणि मधल्या मध्ये डबा आपला हात साफ करून घेतो. काही पेडल आवाजाला किंचाळायला लावतात, काही प्रतिध्वनी देतात. पेडलपंताला त्यांत फारसा रस नाही. त्याचा जीव अडकलाय तो आवाजाला डुलवणाऱ्या पेडलांत: फेजर, फ्लँजर, कोरस, ट्रेमोलो, व्हाइब. त्यातही नवीन नको. जुनं हवं, आणि जुनं परवडत नसेल तर जुन्यासारखं दिसणारं नवीन हवं.

या डुलण्याचं मूळ समजून घ्यायला फार लांब जायला नको. लहानपणी टेबलफॅनसमोर तोंड धरून "आऽऽ" केलेलं सर्वांना आठवत असेल. १९४०च्या सुमारास डॉन लेस्ली नावाच्या अमेरिकन माणसाने हाच खेळ ऑर्गनसाठी केला. कपाटाएवढ्या पेटीत त्याने फिरता भोंगा बसवला आणि आवाज गरगर फिरवून बाहेर सोडला. ऑर्गनवाले खूश झाले. पुढे गिटारवाल्यांनाही तो आवाज हवासा वाटला, पण कपाट घेऊन हिंडणार कोण? विरार लोकलमध्ये सकाळी आठ वाजता माणसाला छत्री घेऊन शिरता येत नाही, तिथे कपाटाचं काय घेऊन बसलात! साहजिकच तो आवाज पायाखालच्या डब्यात कोंबायचे उद्योग सुरू झाले.

त्या उद्योगांतलं पेडलपंताचं कुलदैवत म्हणजे युनि-व्हाइब. जपानच्या शिन-एई कंपनीत फुमिओ मिएदा या इंजिनिअरने १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते घडवलं. आत एक बारीकसा दिवा असतो आणि त्याच्याभोवती प्रकाश ओळखणारे चार सेल. दिवा मंद होतो, प्रखर होतो, पुन्हा मंद होतो; त्याबरोबर सेलांचा विद्युतरोध बदलतो आणि आवाज हेलकावे खातो. ऑगस्ट १९६९मध्ये वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली हेच यंत्र होतं. मूळच्या नगाची किंमत आज लाखाच्या पुढे जाते. पेडलपंताकडे अर्थात त्याची नक्कल आहे. रात्री दिवे मालवून तो डब्याचं झाकण उघडतो आणि आतल्या दिव्याची उघडझाप बघत बसतो. घरच्यांना सुरुवातीला काळजी वाटायची. आता ते जाताना दार ओढून घेतात.

याच पेडलवरून पेडलपंताच्या घरात एकदा तरी खडाजंगी होते. मिएदांना ही कल्पना सुचली ती शॉर्टवेव्हवर मॉस्को रेडिओ ऐकताना. लांबून येणाऱ्या लहरी वातावरणातून जाताना जसा आवाज कमी-जास्त होऊन फिरतो, तसा त्यांना गिटारला द्यायचा होता. हे पेडलपंत मोठ्या भक्तिभावाने सांगतो आणि तिथेच फसतो, कारण वडील खाटेवरून उठून बसतात.

"म्हणजे सिलोनसारखं?"

"हो बाबा, तसंच काहीसं."

"बिनाका गीतमाला ऐकताना यायचा तो?"

"तोच."

"अरे, तो घालवायला मी माडावर चढून एरियलची तार बांधली होती! तार हलली की मुकेश मध्येच बुडायचा. बुधवारी रात्री सगळी आळी मला शिव्या घालायची. आणि तू तो पैसे देऊन परत आणलास?"

या प्रश्नाला पेडलपंताकडे उत्तर नसतं. खरं तर हा प्रश्न त्याच्या अख्ख्या छंदाला लागू पडतो. ताणलेल्या कॅसेटचा लडखडता सूर म्हणजे आताचं व्हायब्रॅटो पेडल. व्होल्टेज कमी-जास्त झाल्यावर मांडवातल्या स्पीकरने खाल्लेल्या गटांगळ्या म्हणजे ट्रेमोलो. बापाच्या पिढीने ज्या खोडी मेकॅनिककडे नेऊन दुरुस्त करून आणल्या, त्याच मुलाची पिढी हप्त्यांवर विकत घेते. आगाशीत तर वीजपुरवठ्याच्या कृपेने यातल्या निम्म्या खोडी अजून फुकट मिळतात, पण फुकट मिळालेली खोडी पेडलपंताला चालत नाही. तिला एक डबा हवा, डब्यावर बटण हवं आणि बटणाला इतिहास हवा.

इतिहासावर मात्र त्याची पकड जबरदस्त. घरच्यांचे वाढदिवस विसरेल, पण एमएक्सआर कंपनीचं नारिंगी फेज ९० न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी १९७४मध्ये निघालं, हे झोपेतून उठवलं तरी सांगेल. त्या पेडलला बटण एकच, वेगाचं. ते कुठे ठेवावं यावर पेडलपंत दोन तास बोलू शकतो. सुरुवातीच्या नगांवर नाव वळणदार अक्षरांत होतं, नंतर ते ठोकळ्यासारखं झालं. पेडलपंताच्या मते अक्षर वळणदार तर आवाजही वळणदार. डोळे बांधून दोन्ही ऐकवावीत असा प्रस्ताव कुणी मांडला, तर त्याला नेमकं चाळपेठ नाक्यावर काहीतरी काम निघतं.

कोरसचं पुराण वेगळं. १९७५मध्ये रोलँड कंपनीच्या जेसी-१२० अँपमध्ये कोरस आला. पुढच्याच वर्षी तो अँपमधून उचलून बॉसच्या सीई-१ या पेडलमध्ये ठेवला गेला. सीई-१ म्हणजे राखाडी रंगाची अशी भक्कम वस्तू की अंगावर आलेल्या कुत्र्याला दाखवली तरी काम होतं. १९७९चं निळं सीई-२ त्या मानाने सुटसुटीत. त्यात एमएन ३००७ नावाची चिप असते. ती आवाजाचे तुकडे १०२४ टप्प्यांतून एकाकडून दुसऱ्याकडे सरकवत नेते, त्यात सेकंदाचे काही हजारांश जातात, आणि हा किंचित उशिरा पोचलेला, हलता आवाज मूळ आवाजात मिसळला की एक गिटार दोन गिटारींसारखी ऐकू येते. या तंत्राला बकेट ब्रिगेड म्हणतात. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर या दोघांनी ते १९६९मध्ये शोधलं. चिपचा नंबर पेडलपंत अशा आवाजात उच्चारतो की ऐकणाऱ्याला हात जोडावेसे वाटतात. ती चिप शोधायला तो सुट्टी मोडून लॅमिंग्टन रोडला जातो. दुकानदार चिप देतो, पण ती अस्सल आहे की नाही हे सांगत नाही. त्यामुळे पुढची सुट्टीही जाते.

त्याची भाषा हा स्वतंत्र विषय आहे. आवाज त्याला कधी उबदार लागतो, कधी जाडसर, कधी सायीसारखा, कधी ओलसर.

"आई, हा हिरवा डबा जरा ओलसर वाजतो."

"पावसाळ्यात सगळंच ओलसर असतं बाबा. पापड बघ माझे."

आई चुकीचं बोलत नाही. अर्नाळ्याकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याला लोखंड, तांबं आणि माणसाचा उत्साह यांतलं काहीच वर्ज्य नाही. पेडलांच्या बटणांत गंज शिरतो आणि फिरवलं की खरखर ऐकू येते. हीच खरखर इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या रेकॉर्डवर ऐकू आली असती तर पेडलपंताने तिला "कॅरेक्टर" म्हटलं असतं. स्वतःच्या घरातल्या खरखरीवर तो स्प्रे मारतो.

नवीन पेडल घरात आणण्याचं शास्त्र त्याने पूर्ण विकसित केलंय. किंमत सांगायची ती निम्मी. कस्टम ड्युटीचा उल्लेख टाळायचा. "मित्राचं आहे, चार दिवस ठेवायला दिलंय" हे वाक्य कायम तयार ठेवायचं. दुबईहून येणाऱ्या मेहुण्याला बाकी सगळे चॉकलेट आणि परफ्यूम सांगतात; हा एक कागद देतो, त्यावर एक नाव, एक साल आणि "निळं, काळं नको" अशी सूचना. नवं पेडल आलं की जुन्यांपैकी एक विकायचं ठरतं. ते विकलं जातं, पण विकून आलेल्या पैशांत अजून थोडे घालून तिसरं येतं. या डब्यांच्या पिनेला नऊ व्होल्ट लागतात आणि मधोमध ऋण लागतं. पेडलपंताच्या बँकखात्याचीही जोडणी तीच.

पेडलपंताला पूर्ण तेजात बघायचं तर ईस्टरनंतरच्या लग्नसराईत बघावं. पाहुणे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर येऊन बसलेत, नवरा-नवरी फोटो काढून दमलीत, आतून सोरपोतेलचा वास सुटलाय, आणि स्टेजवर पेडलपंत उकिडवा. फळीवर डबे मांडलेले, त्यांच्यामध्ये वायरींचं जंजाळ. एक अ‍ॅडॉप्टर गरम झालाय, कुठूनतरी "घूंऽऽ" असा आवाज येतोय, आणि त्याच्या मते मांडवातली रोषणाईची माळ बंद केली तर तो थांबेल. वधूपिता माळ बंद करायला साफ नकार देतो. अखेर गाणं सुरू होतं. पेडलपंत डोळे मिटून व्हाइब लावतो, वेग अगदी संथ. आवाज डौलात येतो, जातो, येतो, जातो. आयुष्यभर शोधलेला आवाज हाच.

तेवढ्यात साउंडवाला धावत येतो. "वायर लूज आहे शेठ, आवाज येतोय-जातोय!" पेडलपंताचे डोळे अजून मिटलेलेच. साउंडवाला कर्तव्यदक्ष माणूस. तो गिटारची वायर पेडलमधून उपटतो, थेट अँपमध्ये खुपसतो आणि अंगठा वर करतो. गिटार स्वच्छ, खणखणीत वाजायला लागते. खुर्च्यांवरून टाळ्या पडतात, दोन मावश्या नाचायला उठतात. पेडलपंत डोळे उघडतो. त्यानंतर तो वाजवतो छानच, पण रात्री जेवत नाही.

आणि हीच त्याच्याविषयीची खरी गोष्ट. पेडलपंत वाजवतो छानच. डब्यांच्या नादाने त्याने कान असे तयार केलेत की तार पाव सुराने उतरली तरी त्याला पहिल्यांदा कळतं. चर्चचा माईक शिट्टी मारायला लागला, गणपतीत मंडळाचा अँप्लिफायर बसला, शाळेच्या गॅदरिंगला स्पीकर फाटला, की निरोप त्याच्याकडेच जातो. तोही सोल्डरिंग आयर्न घेऊन येतो, जागच्या जागी डाग देतो आणि पैसे घेत नाही. एवढंच, की दुरुस्त झालेला माईक परत देताना "यात थोडा कोरस टाकू का?" असं विचारतो. फादर नाही म्हणतात.

जगात माणसांना याहून महाग आणि याहून वाईट नाद असतात. पेडलपंताच्या नादाने कुणाचं घर बुडालं नाही. बुडाला असेल तर एखादा सूर, आणि तोही पुन्हा वर येतो. तेव्हा घरात लग्न असेल आणि गिटारला माणूस हवा असेल तर पेडलपंतालाच बोलवा. फक्त कार्यक्रम आठचा असेल तर त्याला पाचची वेळ सांगा, त्याच्यासाठी वेगळा प्लगपॉइंट ठेवा, आणि साउंडवाल्याला आधीच बजावून ठेवा की आवाज येत-जात असेल तर वायरला हात लावायचा नाही. तो बिघाड नाही. त्याचे पैसे भरलेले आहेत.