प्रसन्नमुख खात्यास अनावृत पत्र

जगातील समस्त विमान-कंपन्यांच्या गणवेश व प्रसन्नमुख खात्याचे मेहेरबान मुख्याधिकारी यांचे सेवेशी,

सा. न. वि. वि.

आपल्या खात्याची पाटी कोणत्याही विमानतळावर लागलेली माझ्या पाहण्यात नाही. तथापि केसांचा अंबाडा किती उंचीवर बांधावा, ओठांना कोणत्या छटेची लाली लावावी आणि प्रवासी दाराशी येताच हास्य किती दातांपर्यंत उलगडावे, याचा जाबता ज्या दप्तरातून निघतो ते दप्तर कोठे तरी असलेच पाहिजे, एवढ्या अनुमानावर विसंबून हा अर्ज रवाना करीत आहे. अर्जदार साधा प्रवासी आहे. विमानविद्येशी त्याचा संबंध खिडकीकडची जागा मागण्यापलीकडे गेलेला नाही. साथीच्या काळात आपल्या सेवकवर्गाने नाकातोंडावर बांधावयाची पट्टी हा अर्जाचा विषय असून, या बाबतीत आपल्या खात्याने जी तत्त्वनिष्ठा दाखविली तिचा यथोचित गौरव अद्याप कोणी केलेला नाही, ही उणीव भरून काढावी एवढाच हेतू.

२००३ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सार्स नावाचा नवा फुप्फुसविकार हाँगकाँगच्या एका हॉटेलातून निघून, रीतसर तिकीट काढल्याप्रमाणे, हनोई, सिंगापूर आणि टोरांटो येथे जाऊन उतरला व जागतिक आरोग्य संघटनेने जगभर इशारा धाडला, तेव्हा आपल्यापुढे पडलेला पेच मी समजू शकतो. रोग विमानाने हिंडतो ही गोष्ट उघड झाली होती, आणि नेमकी तीच गोष्ट प्रवाशाच्या ध्यानात येऊ न देणे हे आपले कर्तव्य होते. अमेरिकेतील विमानसेवकांच्या संघटनेने मुखपट्ट्यांची आणि हातमोज्यांची मागणी केली. अशा मागणीवरचा आपला शेरा ठरलेला असतो: पट्टी बांधलेला चेहरा पाहून प्रवासी भयभीत होईल. भय हा सर्वांत घातक संसर्ग, कारण त्याची लागण थेट तिकीट-खिडकीला होते. फुप्फुसांची लागण त्या मानाने खाजगी स्वरूपाची.

त्याच मार्चच्या १५ तारखेला हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या एअर चायनाच्या ११२ क्रमांकाच्या उड्डाणाची हकीकत आपल्या दप्तरी असेलच. प्रवास तीन तासांचा, विमानात सर्व मिळून १२० माणसे, त्यांत बहात्तर वर्षांचे एक आजारी गृहस्थ. पुढे वैद्यकीय संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा त्या एका उड्डाणाशी २२ जणांचे दुखणे जोडले गेले. गृहस्थांच्या पुढच्या तीन रांगांतल्या २३ जणांपैकी ८ आजारी पडले, हे एक वेळ समजण्यासारखे. परंतु इतरत्र बसलेल्या ८८ जणांतही १० निघाले, आणि दोन रांगा पुढे व दोन रांगा मागे एवढीच धोक्याची हद्द असे तोवर धरून चालणाऱ्यांना आपली मोजणी पुन्हा तपासावी लागली. आजाऱ्यांत विमानातील दोन सेविकाही होत्या. आता सेविकेला रांग कोणती लावावयाची? ती पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत गाडा ढकलीत जाते, दर दोन पावलांवर वाकते आणि चहा की कॉफी हे विचारताना प्रत्येक तोंडापासून हातभर अंतरावर येते. म्हणजे धोक्याची हद्द कोणीही कोठेही आखली तरी दिवसातून कैक वेळा ती ओलांडणे हीच तिची नोकरी. विमानातील हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते आणि फिरून आत येणाऱ्या हवेतील सूक्ष्म कणांपैकी शेकडा ९९.९७ गाळणीत अडकतात, हे आपण अभिमानाने सांगता, आणि ते खरेही आहे. अडचण इतकीच की प्रवाशाचा खोकला आणि ती गाळणी यांच्या दरम्यान प्रथम त्या सेविकेचा चेहरा लागतो.

उड्डाणापूर्वीचे प्रात्यक्षिक मी नेहमी मन लावून पाहतो, बहुधा विमानात मी एकटाच. सेविका प्राणवायूची ती पिवळी वाटी उंच धरते, नाकातोंडासमोर नेते आणि नेमकी दोन बोटांवर थांबविते. रबरी पट्टा डोक्यामागे ओढल्याचा केवळ आविर्भाव होतो, कारण खरोखरच ओढला तर अंबाडा विस्कटेल. ध्वनिक्षेपक त्याच वेळी बजावीत असतो की, आधी स्वतःची पट्टी बांधा, मग शेजाऱ्याला साहाय्य करा. सर्वांना दाखवावी परंतु स्वतः लावू नये, अशी ही मुखपट्टी आपल्या खात्याला मनापासून पसंत पडलेली एकमेव मुखपट्टी असावी.

आपल्या परंपरेला मूळपुरुषाची वाण आहे असेही नाही. १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगने थैमान घातले असता, पेनांग येथे जन्मलेल्या वू ल्येन-ते या तरुण डॉक्टराने कापूस आणि जाळीदार कापड यांची पट्टी बांधण्याचा आग्रह धरला. मेस्नी नामक अनुभवी फ्रेंच डॉक्टरांनी तो आग्रह धुडकावून, उघड्या तोंडाने रोग्यांना तपासले व थोड्याच दिवसांत ते प्लेगनेच वारले. निदान त्यांनी तोंड स्वतःचे उघडे ठेवले होते; इतरांची तोंडे हुकमाने उघडी ठेवविण्याची सुधारणा मागाहून झाली.

आमच्या मुंबईसही या प्रकरणी अगदीच अलिप्त राहता आले नाही. सार्सच्याच वर्षी एअर इंडियाच्या वैमानिकांनी, साथ असलेल्या देशांत नुकतेच जाऊन आलेल्या कर्मचाऱ्यांबरोबर उड्डाण करण्यास नकार दिला आणि त्यावरून व्यवस्थापनाशी त्यांचे भांडण जुंपले. त्या भांडणात कोण किती चुकले हे ठरविण्याचा अधिकार मला नाही. मला चिंता लागली होती ती १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी जन्मास घातलेल्या, कमरेत लवून स्वागत करणाऱ्या, एअर इंडियाच्या बोधचिन्हातील त्या महाराजांची. मिशांच्या त्या आकड्यांवर पट्टी बसवावयाची म्हणजे शिंप्याचीच कसोटी.

यानंतर कोरोनाचे २०२० साल उजाडले. आरंभी, अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीने सेवकांना पट्टी बांधण्याची मुभा चीन व हाँगकाँगकडील उड्डाणांपुरतीच ठेवली. विषाणू फलकावरील गंतव्यस्थान वाचून मगच विमानात चढतो, ही माहिती तिला कोठून मिळाली ते कळत नाही. परंतु काही आठवड्यांतच चमत्कार घडला. ज्या प्रवाशाला कालपर्यंत पट्टी पाहून धडकी भरत होती, त्याच प्रवाशाला आता उघडा चेहरा पाहून धडकी भरू लागली आणि तत्काळ आपला हुकूम पालटला. २५ मे २०२० रोजी, दोन महिने जमिनीवर खिळलेली आमची देशांतर्गत विमाने पुन्हा उडाली तेव्हा दाराशी पांढऱ्या संरक्षक वेषातील, डोळ्यांवर पारदर्शक ढाल घेतलेल्या व्यक्ती उभ्या होत्या, आणि त्या हसत आहेत की नाहीत हे ओळखणे अशक्य होते. खानपान बंद झाले. जूनमध्ये सरकारी फर्मान निघाले की, मधली जागा शक्यतो रिकामी ठेवावी, आणि ते न जमल्यास तेथे बसणाऱ्यास अंगभर झगा द्यावा. म्हणजे दोन साध्या नागरिकांच्या मध्ये एक शल्यविशारद, असा देखावा रांगोरांगी दिसू लागला. आपली तत्त्वनिष्ठा मी म्हणतो ती हीच. पट्टी नको होती तेव्हाही मोजमाप प्रवाशाच्या भीतीचे होते, हवी झाली तेव्हाही त्याच भीतीचे. सेवकाच्या श्वासाचा मुलाहिजा दोन्ही वेळा कोणी ठेवला नाही.

उलट त्याच्या गळ्यात कोतवालकी मात्र पडली. २०२१ साली अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाकडे बेशिस्त प्रवाशांविषयी ५,९८१ तक्रारी पोचल्या, पैकी ४,२९० मुखपट्टीवरून उद्भवलेल्या. मग १८ एप्रिल २०२२ रोजी फ्लोरिडातील एका न्यायाधीशांनी सक्ती रद्द ठरविली आणि काही विमानांत हे वर्तमान आकाशात असतानाच जाहीर होऊन टाळ्यांचा गजर झाला. टेकऑफच्या वेळी जिने चौदाव्या रांगेतल्या गृहस्थांना पट्टी नाकावर घेण्याविषयी विनविले असेल, तिने उतरताना त्याच गृहस्थांना प्रसन्न मुद्रेने निरोप दिला असेल, याविषयी मला शंका नाही. शिस्त म्हणतात ती यालाच.

तरी पुढील साथीसाठी माझी सूचना अशी की, पट्टी बंदीचे एक आणि पट्टी सक्तीचे एक, अशी दोन परिपत्रके सही-शिक्क्यांनिशी आताच छापून ठेवावीत, म्हणजे प्रवाशाची भीती कूस बदलील त्याच संध्याकाळी योग्य ते परिपत्रक रवाना करता येईल. तिसरे, ज्यात पट्टी बांधावी की नाही हे ज्याचे नाक त्याच्यावर सोपविलेले असेल, असे एखादे परिपत्रक काढण्याचा अविचार आपण करणार नाही याची खात्री आहे. परंतु चुकून तसा मसुदा कोणा कनिष्ठ कारकुनाने केलाच, तर तो फाडण्यापूर्वी एकदा गाडा ढकलणाऱ्यांस वाचावयास द्यावा, ही विनंती.

आपला नम्र,
खिडकीकडचा एक प्रवासी

ता. क. — सक्तीच्या काळात पट्टीच्या आतील ओठांना ठरलेल्या छटेची लाली लावणे बंधनकारक होते काय, आणि असल्यास तिची तपासणी कोणत्या अधिकाऱ्याकडे होती, एवढे कळवावे. उत्तर टपालाने चालेल.