दहा आले पाहिजेत

डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या फाटकाशी नवी गाडी लागली की बाकीचे लोक रंग बघतात, कंपनी बघतात, कर्ज किती वर्षांचं ते आडून आडून विचारतात. नाना नंबर बघतात. ‘एमएच 05’ला त्यांच्या लेखी किंमत नाही. पुढचे चार आकडे महत्त्वाचे. प्रत्येक आकडा एकदाच घ्यायचा, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढीच हत्यारं, आणि उत्तर दहा आलं पाहिजे. आलं तर गाडी चांगली. मायलेज वगैरे नंतर.

पेढे घेऊन आलेला मालक बिचारा “कशी वाटली गाडी?” असं विचारतो. नाना पेढा तोंडात टाकून म्हणतात, “सोपी आहे हो फार.”

पसंतीच्या नंबरासाठी लोक आरटीओत पैसे मोजतात, हा नानांच्या मते अडाणीपणाचा कळस. त्यातल्या त्यात 9999वाल्याला ते माफ करतात, कारण नव्वे नव्वे एक्क्याऐंशी, अधिक नऊ नव्वद, भागिले नऊ, दहा! 4141 घेऊन पाटीवर ‘दादा’ असं वाचायला लावणाऱ्यांची मात्र त्यांना कीव येते. चार, एक, चार, एक. नुसती बेरीज केली की दहा. “दादा लोकांचं सगळं असंच,” नाना म्हणतात, “डोकं लावायची वेळच येत नाही.” दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने हौसेने 7777 घेतला, तेव्हा नाना त्याच्या घरी सांत्वनाला गेले. चार साता काही केल्या दहा होत नाहीत. आकडे शेजारी ठेवून 77 करायचे, त्यातून 7 वजा करून 7ने भागायचं, ही पळवाट त्या मुलाने स्वतःच काढली, पण नानांनी मान हलवली. जोडाजोडी चालत नाही. “पुढच्या गाडीला बघू,” असं म्हणून ते उठले. मुलाची आई त्यांना फाटकापर्यंत सोडायला आली होती म्हणतात.

ही बाधा आपल्याला डोंबिवलीच्या पाण्यातून झाली, असा नानांचा दावा आहे. त्याला ते पुरावाही देतात. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी संख्यांच्या एका जातीला ‘डेम्लो’ नाव दिलं, ते जीआयपी रेल्वेच्या डेम्लो स्टेशनावरून, आणि डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. कापरेकरांना ती कल्पना इथे सुचली. नानांना इथे लोकलमध्ये चौथी सीटही मिळत नाही, पण परंपरा ती परंपरा. कापरेकरांच्या 6174वर मात्र नानांचा थोडा राग आहे. कोणतेही चार आकडे घ्या, फक्त सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. फार तर सात वजाबाक्यांत 6174 येतो आणि मग तिथून हलत नाही. नानांची तक्रार अशी की यात माणसाला काम काय? आकडा आपला आपण चालत जातो. तरीही गुरूला नमस्कार म्हणून त्यांनी 6174चे दहा करून ठेवले आहेत : 6 अधिक 7, वजा 4, अधिक 1.

नानांचा खरा सोहळा पाहायचा तर रिक्षा स्टँडवर. एकदा रांगेतली पुढची रिक्षा निघाली 3478. नाना बसेनात. मागचे लोक ओरडू लागले, रिक्षावाल्याने मीटरवरचा हात काढून घेतला. नानांचा इंजिनियर पुतण्या बरोबर होता. तो तीन-चार, सात-आठ असं पुटपुटत म्हणाला, “काका, नाही होत हे. बसा.” नाना त्याच्याकडे बघत राहिले आणि मग सावकाश म्हणाले, “सातला चारने भाग. किती?”

“एक पॉइंट सात पाच.”

“पावणेदोन म्हण. तीनातून पावणेदोन गेले, राहिले सव्वा. आणि आठ सव्वे?”

पुतण्याला सवायकी कोण शिकवणार? रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनीच “दहा” म्हटलं आणि दोन रिक्षा सोडून तिसरीत जाऊन बसल्या. नाना दिवसभर त्या बाईंबद्दल बोलत होते. काकूंनी शेवटी विचारलं, “नाव तरी विचारलंत का?” नाव नव्हतं विचारलं. रिक्षाचा नंबर लक्षात होता.

काकूंचं या सगळ्याबद्दल एक मत आहे आणि ते मला पटतं. त्या म्हणतात, पोस्टातल्या पगारात यांनी तीस वर्षं हेच केलं, हातात चार आकडे आणि त्यातच भागवायचं. आता पेन्शनीत ओढाताण उरली नाही, तर रस्त्यावरून उसनी आणतात. खरंच असावं. कारण नानांना ऐपत दाखवली की ते चिडतात. मी एकदा म्हटलं, मोबाइल नंबरात दहा आकडे असतात, त्यातून करा की काही. ते म्हणाले, “दहा आकड्यांत कोणीही संसार करेल.”

संध्याकाळी बाकावर त्यांचे प्रतिस्पर्धी येतात, बँकेतून निवृत्त झालेले साहेब. त्यांचा खेळ चार चौक्यांचा. चार वेळा 4 वापरून एकापासून पुढचे सगळे आकडे करायचे. खेळ जुना आहे. लंडनच्या ‘नॉलेज’ साप्ताहिकात 1881 साली एकाने कळवलं होतं की वीसपर्यंतचे सगळे आकडे असे होतात, फक्त 19 होत नाही. चिन्हं हवी ती घ्या, पण वर्ग आणि घन नकोत, कारण डोक्यावर बारीक 2 किंवा 3 लिहिला की तो जास्तीचा आकडाच झाला. हे ऐकून नाना गहिवरले. दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्यासारखा होता. साहेबांनी लगेच 19 करून दाखवला : 4च्या पुढे उद्गारचिन्ह, म्हणजे 24, वजा 4, वजा चार भागिले चार. नानांनी तो फेटाळला. त्या उद्गारचिन्हाच्या पोटात 3, 2, 1 बसले आहेत, हे काय आम्हाला कळत नाही? वर्गमूळही त्यांना मंजूर नाही. त्यात 2 असतो, नुसता लिहीत नाहीत. माणसाने लाच घेतली नाही, बायकोने घेतली, यातलाच हा प्रकार, असं नाना म्हणाले. साहेब त्या दिवशी लवकर घरी गेले.

मग साहेबांनी डिरॅक आणला. पॉल डिरॅक, 1933चे नोबेलवाले. असा खेळ दोनाच्या आकड्यांवर खेळत असताना या गृहस्थाने वर्गमुळं आणि लॉगरिदम यांची अशी सांगड घातली, की तीनच दोनांत कोणताही पूर्णांक निघावा. तीच युक्ती चार चौक्यांना लावता येते. साहेबांनी वहीत सूत्र मांडून दिलं. 19 हवा, 19 घ्या. लाख हवा, लाख घ्या. खेळ संपला.

नाना वही घेऊन घरी गेले. त्या आठवड्यात फाटकाशी दोन नव्या स्कूटर आल्या, पण ते खाली उतरले नाहीत. काकूंनी मला हळूच विचारलं, डिरॅक कोण? मी सांगितलं, साहेबांचा माणूस.

रविवारी ते उतरले, वही उघडून बाकावर ठेवली आणि साहेबांना म्हणाले, “19 हवा असेल तर या सूत्रात एकात एक अशी वर्गमुळाची चिन्हं किती काढायची?”

“एकोणीस.”

“25 हवा असेल तर?”

“पंचवीस.”

“म्हणजे उत्तर आधी मोजून वर्गमुळात दडवायचं आणि मग लॉग लावून तेच बाहेर काढायचं! याला काय अर्थ आहे? डिरॅक बाद.”

साहेब बराच वेळ वहीकडे बघत होते. शेवटी म्हणाले, “अहो, पण नोबेल मिळालंय त्यांना.”

“ते दुसऱ्या कामाचं असेल,” नाना म्हणाले आणि नव्या स्कूटरी बघायला गेले.