इनारीच्या दारात चप्पल

नव्या गावात पोचलं की आधी ग्रामदैवताचं दर्शन, मग चहा, हा सोलापूरच्या काकांचा नियम. तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर, कुठंही तो अडला नव्हता. क्योतोत अडला. त्या शहरात सुमारे १,६०० बौद्ध मंदिरं आणि ४०० शिंतो देवस्थानं आहेत. यातलं ग्रामदैवत नेमकं कोण, हे ओसाकात नोकरी करणाऱ्या चिरंजीवांनाही सांगता येईना. काकूंचं म्हणणं, तोवर चहा घेऊन टाकू. काकांना ते पटणं शक्य नव्हतं. शेवटी मुलानं मोबाइलवरून एकेक देव वाचून दाखवायला सुरुवात केली.

“इनारी. भाताचा देव. साकेचा, म्हणजे दारूचाही. पुढं व्यापाऱ्यांनी त्याला आपलासा केला, त्यामुळं आता धंद्याचा.”

“धंद्याचा? मग सकाळपास्नं काय वाचायलास? चल की!”

काकांची हयात चाटी गल्लीत चादरी आणि टॉवेल विकण्यात गेली. सोलापूर चाळिशीपार तापत असताना एप्रिलच्या गारव्यात ते मुलाकडं आले, तेसुद्धा चप्पल घालून. बुटात पाय कोंडले की डोकं चालत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. मुलानं विकत घेऊन ठेवलेले बूट खोक्यातच राहिले. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ इथं आहे.

फुशिमी इनारी हे देवस्थान इ.स. ७११चं मानतात. जपानभर इनारीची तीस हजारांच्या आसपास ठाणी आहेत आणि हे त्यांचं मुख्य. कथा अशी, की हाता घराण्यातल्या एका श्रीमंत माणसानं भाताच्या पिठाळ गोळ्यावर बाण मारायची मौज केली. त्या गोळ्याचा पांढरा पक्षी झाला, तो डोंगरावर जाऊन बसला आणि तिथं भात उगवला. अन्नाशी खेळलं की काय होतं याची गोष्ट काकूंना एकदम पटली. नातवंडांना सांगायला म्हणून त्यांनी ती दोनदा ऐकली.

स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच पहिली भगवी-तांबडी कमान. काका कमानीशी थांबले, वाकून नमस्कार केला आणि चप्पल काढली. खांबाच्या कडेला, दोन्ही चपला जोडीनं, नीट. सिद्धेश्वराच्या देवळात लहानपणापासून जे केलं तेच.

“अहो, इथं कुणीच काढलेली दिसत नाही.”

“देवाच्या दारात लोकांकडं बघायचं नसतं.”

काकूंनी आपली काढली, पण पिशवीत टाकली. एका यात्रेत नवी कोरी चप्पल गमावल्यापासून त्यांचा देवावर विश्वास आहे, देवळाबाहेरच्या जगावर नाही. मुलगा तोवर पुढं जाऊन हात धुवायच्या हौदाशी उभा होता. शिंतो देवस्थानात चप्पल-बूट घालूनच आवारात फिरतात, प्रार्थनाही बाहेर उभं राहून करतात. काढायची वेळ येते ती लाकडी सभागृहात शिरताना. हे सांगायचं त्याच्या मनात होतं. सांगेपर्यंत काका अनवाणी हौदावर पोचले होते.

हौदावरचा विधी ठरलेला असतो. ओगराळ्यानं आधी डावा हात, मग उजवा, मग ओंजळीत पाणी घेऊन चूळ. काकांनी हे सगळं शिस्तीत केलं आणि पाय धुवायला ओगराळं खाली नेलं. मुलगा एवढ्या जोरात “बाबा!” म्हणाला की शेजारच्या किमोनोवाल्या मुलींनी आपापली ओगराळी ठेवून दिली. त्यानंतर काकांनी हात पुसायला खांद्यावरच्या झोळीतून अंघोळीचा अख्खा सोलापुरी टॉवेल काढला. जपानी माणूस खिशात हातरुमाल बाळगतो, कारण कित्येक ठिकाणी हात पुसायला काहीच नसतं. त्यामुळं तिथल्या रुमालांची प्रत उत्तम असते. त्यांचं इमाबारी हे गाव टॉवेलांसाठीच प्रसिद्ध आहे. शेजारच्या गृहस्थांचा रुमाल काकांनी परवानगी न घेता दोन बोटांत धरून पाहिला आणि “चारशेच्या आत नाही जीएसएम” असा निकाल दिला. गृहस्थांनी वाकून आभार मानले. कशाचे, ते त्यांनाही कळलं नसणार.

मोठा दरवाजा १५८९ साली तोयोतोमी हिदेयोशीनं बांधून दिला. आई आजारी पडली म्हणून त्यानं इनारीला नवस बोलला होता. इथं काका अचानक गप्प झाले आणि बराच वेळ दरवाजाकडं बघत राहिले. देवापुढं दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मग पुन्हा एकदा वाकायचं. काकांच्या टाळ्या आरतीच्या ठेक्यात गेल्या आणि दोनावर थांबल्या नाहीत.

डोंगरावर कमानींची रांग सुरू होते. एकूण सुमारे दहा हजार कमानी, बहुतेक व्यापाऱ्यांनी आणि कंपन्यांनी वाहिलेल्या. लाकूड काही वर्षांत कुजतं, मग नवी कमान, नवा दाता. दात्याचं नाव आणि तारीख कमानीच्या पाठीमागं लिहिलेली असते, म्हणजे चढताना काहीच दिसत नाही आणि उतरताना सगळी नावं समोर येतात. पंख्याच्या तिन्ही पात्यांवर ‘यांच्या स्मरणार्थ’ वाचत वाढलेल्या काकांना हा संयम फार मोठा वाटला. “दुकानाचं नाव, अन् तेबी पाठीमागं!” पहिल्या दोनशे मीटरांत मात्र संयमाचा पत्ता नाही. प्रत्येक कमानीखाली कुणीतरी भाड्याच्या किमोनोत फोटो काढतंय, त्याच्यामागं फोटो संपायची वाट बघणारे वीसजण, त्यांच्यामागं अनवाणी काका. देवळात येऊन देवाकडं पाठ करून उभं राहायची ही जागतिक साथ कधी ओसरेल ती ओसरो. वर चढत गेलं की गर्दी गळते आणि डोंगर आपला होतो.

दगडी पायऱ्या गार होत्या. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांमागं अनवाणी चालून, भोगीला अडुसष्ट लिंगांची वाट तुडवून काकांचे पाय तयार झालेले, पण तो जानेवारी सोलापूरचा. पहिल्याच वळणावर काकूंनी पिशवीतली चप्पल घातली होती. चौरस्त्यावर, जिथून सगळं क्योतो खाली पसरलेलं दिसतं, तिथं बाकावर बसून त्यांनी पिशवीच्या तळातून लोकरी मोजे काढले आणि काही न बोलता काकांसमोर धरले. गुलाबी होते, त्यांचेच. काका काहीतरी करणार आणि त्यांचे पाय गारठणार, हे घरून निघतानाच काकू धरून चालल्या होत्या. काकांनी मोजे चढवले आणि काकूंना आधी उठायला हात दिला. एरवी तो दिसत नाही.

शिखर अवघं २३३ मीटर. वर छोटं ठाणं, असंख्य कोल्हे, आणि बघण्यासारखं दृश्य अजिबात नाही. कोल्हा हा इनारीचा दूत. कुणाच्या तोंडात भाताची लोंबी, कुणाच्या तोंडात कोठाराची किल्ली. किल्लीवाला काकांना विशेष आवडला.

खाली आले तर चप्पल नाही.

काकांच्या चेहऱ्यावर दुःखाआधी समाधान उमटलं, हे काकूंनी पाहिलं. “बघ. इथंबी. उगा म्हणायचं जपान जपान.” मुलगा लाजेनं लाल झाला, देशाची बाजू घ्यावी की बापाची, हे त्याला ठरवता येईना. “बाबा, इथं कुणी चोरत नाही.” “मग काय चालत गेली?” खांबाच्या चारी बाजू पाहून झाल्या. देवस्थानच्या कचेरीत विचारलं. तिथल्या बाईंनी फार कळवळून ऐकलं, कुठंतरी फोन केला आणि जवळच्या पोलीस चौकीचा रस्ता कागदावर काढून दिला.

चप्पल चोरीला गेली नव्हती. जमा झाली होती.

हरवलेली वस्तू पोलिसांत नेऊन देणं ही तिथली रोजची गोष्ट. एकट्या टोकियोत २०१९ साली अशा चाळीस लाखांहून जास्त वस्तू जमा झाल्या. चौकीतल्या तरुण हवालदारानं फॉर्म पुढं ओढला. भाषांतर मोबाइल करत होता. रंग? तपकिरी. लांबी? जपानात पादत्राणाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं; काकांनी पाय उचलून टेबलावर ठेवायचा प्रस्ताव मांडला, तो नम्रपणे नाकारला गेला. ओळखीची खूण? उजव्या टाचेला झिजलेली, डाव्या पट्ट्याला काळ्या दोऱ्याची शिवण. हवालदारानं शिवणीचं चित्र काढलं, टाक्यांसकट. मग आत जाऊन पारदर्शक पिशवीत बांधलेली, चिठ्ठी लावलेली चप्पल घेऊन आला आणि टाके ताडून पाहिले. जुळले.

“ज्यांना सापडली त्या आजी तिथं अर्धा तास थांबल्या होत्या,” मोबाइल म्हणाला. “माणूस अनवाणी असणार, परत येईल, असं त्यांना वाटलं.”

काकांनी गुलाबी मोज्यांकडं पाहिलं. काही बोलले नाहीत.

नंतर मुलानं कायदा सांगितला. वस्तू तीन महिने सांभाळतात, मालक आला नाही तर ती ज्याला सापडली त्याची होऊ शकते, आणि मालक आला तर ज्याला सापडली त्याला किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षिसाचा हक्क असतो. चप्पल चारशे रुपयांची. म्हणजे वीस ते ऐंशी. “ऐंशी द्यायचे,” काका तत्काळ म्हणाले. सोलापुरात त्यांनी कुणालाही पहिल्या बोलीत पूर्ण रक्कम दिल्याची नोंद नाही. पण आजींनी हक्क सोडून दिल्याचं लिहून दिलं होतं.

आता ऋण कुणाचं फेडायचं? काकांनी झोळीतून दुसरा, घडी न मोडलेला टॉवेल काढून हवालदारापुढं ठेवला. त्यानं दोन्ही हातांनी परत सरकवला. घेता येत नाही. काकांनी पुन्हा पुढं केला, त्यानं पुन्हा मागं. हा लग्नातल्या आहेराचा प्रकार तिथं बराच वेळ चालला. शेवटी काकांनी व्यापाऱ्याची युक्ती केली: टॉवेल खुर्चीवर ठेवला, नमस्कार केला आणि कुटुंबाला घेऊन झपाझप स्टेशन गाठलं.

गाडी यायला वेळ होता. तेवढ्यात फलाटावर हवालदार धावत आला, टोपी एका हातात, टॉवेल दुसऱ्यात. धाप लागलेली, चेहऱ्यावर मोठी काळजी. मोबाइलची गरजच पडली नाही. काका टॉवेल विसरले होते, असंच त्यानं गृहीत धरलं होतं.

कुणाला जायचं असेल तर क्योतो स्टेशनवरून नारा लाइनची साधी लोकल धरा, इनारी दुसरं स्टेशन. जलद गाडी तिथं थांबत नाही. देवस्थान चोवीस तास उघडं, तिकीट नाही. सकाळी सातच्या आत पोचलात तर कमानी रिकाम्या मिळतील. चप्पल पायातच ठेवा आणि कुणाला काही द्यायचंच असेल, तर दानपेटीत टाका. तिथून परत येत नाही.