एकविसाव्या नाण्याला जागा नाही

नाणी जमवणाऱ्या माणसाला सुरुवातीला सगळंच हवं असतं. वस्तू धातूची असावी, साधारण गोल असावी आणि तिच्यावर काहीतरी लिहिलेलं असावं, एवढीच त्याची अट. या काळात कंडक्टरला सुटे देताना त्याचा हात अडखळतो, कारण सुट्यांत एखादा 'हैदराबाद मिंट' निघालेला असतो. पुढे तो भेटेल त्याला संग्रहाचा आकडा सांगू लागतो. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे आकडा सोडून वजन सांगणं. मी वजनापर्यंत पोचलो होतो.

यात सगळा दोष माणसाचा नसतो, टांकसाळीही हातभार लावतात. आपल्याकडे चार ठिकाणी नाणी पडतात. सालाखाली मुंबईचा हिरा असतो, हैदराबादचा तारा असतो, नोएडाचं टिंब असतं आणि कोलकात्याचं काहीच नसतं. म्हणजे एकाच सालचा एकच रुपया चार वेळा जमवायला शास्त्रशुद्ध कारण मिळतं. बायकोने एकदा असे चार रुपये ओळीने मांडले आणि विचारलं, "अहो, हे चारही सारखेच आहेत ना?"

"अगं, सालाखाली बघ. हिरा, तारा, टिंब. आणि चौथ्यावर काहीच नाही."

"काहीच नाही, म्हणून ठेवलाय?"

या प्रश्नाला नाणकशास्त्रात उत्तर आहे, संसारात नाही.

राणीछाप रुपयांनी तर माझी पार वाट लावली. 1862 साली राणीच्या रुपयाचा नवा ठसा आला आणि पुढची दहा-अकरा वर्षं सरकारने रुपयावरचं साल बदललंच नाही. 1870 मध्ये पाडलेल्या रुपयावरही 1862च. पण मुंबईच्या टांकसाळीने खरं वर्ष कळावं म्हणून मागच्या बाजूला बारीक टिंबं घातली, असं जाणकार मानतात. झालं! त्या दिवसापासून आमच्यासारखी माणसं डोळ्याला भिंग लावून टिंबं मोजत बसली आहेत. वर तीन, खाली चार. वर तीन, खाली पाच. जेवायला तीन हाका मारल्या तरी आमचं मोजणं संपत नाही, आणि चौथी हाक आली की आकडा चुकतो.

अमेरिकेतल्या संग्राहकांत यावर एक उतारा आहे. तिकडे तज्ज्ञ नाणं तपासतात, त्याला सत्तरपैकी गुण देतात आणि प्लास्टिकच्या कवचात ते कायमचं बंद करतात. अशी वीस कवचं मावतील एवढी पेटी मिळते. काही शहाणे लोक ठरवतात की आपला संग्रह म्हणजे ही एक पेटी. एकविसावं नाणं आवडलं तर खुशाल घ्या, पण विसांतलं एक बाहेर काढा. ही कल्पना मी घरी सांगितली, तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नाणकशास्त्राच्या एका मुद्द्यावर बायकोचा चेहरा उजळला. "दहाची पेटी नाही का हो मिळत?" एवढाच तिचा प्रश्न होता.

वीस जागा ठरल्या आणि आमच्या दिवाणखान्यात निवडणुकीचं तिकीटवाटप सुरू झालं. इच्छुक शेकड्यांनी, आणि प्रत्येकाचा दावा भक्कम. 1943 चा भोकाचा पैसा म्हणाला, मी महायुद्ध पाहिलंय. सरकारने तांबं वाचवायला मला भोक पाडलं आणि लोकांनी मला वॉशर म्हणून वापरलं. एवढी सेवा कुणी केली? 1964 चा षटकोनी तीन पैसा अल्युमिनियमच्या मानाने बराच तोरा मिरवत होता. पितळी वीस पैशाच्या हातात कमळ होतं, त्यामुळे त्याच्याशी बोलताना मी जपूनच बोललो. आणि 30 जून 2011 ला चलनातून निवृत्त झालेल्या चार आण्यांनी ज्येष्ठतेचा मुद्दा काढला.

निकष एकच ठेवला. हे नाणं पाहुण्याच्या हातात ठेवल्यावर मला पाच मिनिटं बोलता आलं पाहिजे आणि पाहुणा पाच मिनिटं बसला पाहिजे. दुसऱ्या अटीवर निम्मे उमेदवार पडले.

पंचम जॉर्जचा 1911 चा रुपया मात्र बिनविरोध आला. राजाच्या झग्यावर हत्ती काढला होता, पण कोरणाऱ्याने सोंड इतकी आखूड ठेवली की लोकांना तो डुक्कर वाटला. राजाच्या अंगावर डुक्कर म्हटल्यावर बोंब झाली. सरकारने वाटप थांबवलं, टांकसाळीत उरलेले बहुतेक रुपये वितळवले आणि 1912 पासून हत्तीला ठसठशीत सोंड दिली. भिंगातून पाहिलं की राजाच्या छातीजवळचं ते जनावर दिसतं. खरं सांगायचं तर ते डुकरासारखंही नीट दिसत नाही. पण एका जनावराच्या नाकामुळे साम्राज्याचं नाक कापलं गेलं, हे ऐकायला पाहुणा दुसरा चहा घेतो.

खरी मारामारी झाली शिवरायांत. शिवराई हा महाराजांचा तांब्याचा पैसा. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपति', भोवती टिंबांची गोल किनार. महाराजांनंतरही शिवराया पडत राहिल्या आणि एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालत होत्या. पण विकणाऱ्याच्या लेखी प्रत्येक शिवराई थेट रायगडावरची असते. गंमत अशी की ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे पुरा मजकूर क्वचितच उमटतो. माझ्याकडे ओंजळभर शिवराया होत्या. एकीवर 'श्री' होता, दुसरीवर नुसता 'राजा', तिसरीवर अर्धा 'शिव'. सगळ्या मिळून मी एकदाचा एक महाराज जुळवत असे. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात, तो हा प्रकार. शेवटी ती ओंजळ एका जाणकार व्यापाऱ्याच्या पदरात ओतली, वर काही पैसे मोजले आणि एक शिवराई घेतली. तिच्यावर सगळी अक्षरं आहेत, डावीकडची किनार शाबूत आहे आणि रंग जुन्या तांब्याला चढतो तसा गडद तपकिरी. बायकोने ती हातात घेऊन तळहातावर तोलली आणि म्हणाली, "ही वाचता येते की!" संग्रहाला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक.

त्या ओंजळीतल्या काही शिवरायांचा भाव आधीच पडला होता, कारण दिवाळीच्या आधी आमच्या आत्या आल्या होत्या. लक्ष्मीपूजनाला नाणी काळीकुट्ट कशी ठेवायची, म्हणून त्यांनी चिंच लावून सगळी लखलखीत केली. संग्राहकाच्या जगात नाणं घासणं म्हणजे महापातक. दोनशे वर्षांनी चढवलेला रंग दोन मिनिटांत उतरतो आणि त्याबरोबर किंमतही. आत्या अजूनही पाहुण्यांना सांगतात, "मी घासली म्हणून दिसली तरी."

निवड झाल्यावर मला एक नवीच गोष्ट कळली. जे नाणं घ्यायचं नाही, तेही पाहता येतं. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला 1906 साली नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. तेरा हजारांवर नाणी, म्हणजे संख्येच्या बाबतीत मी कुणाच्या खिजगणतीत नाही. त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. नाणी वितळवली नाहीत. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावरच जिंकलेल्याची मोहर. अशा एका नाण्यात अख्खी लढाई वाचता येते, उरलेली हजारो नाणी तीच बातमी पुन्हा सांगतात. नाशिकजवळच्या अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, मुंबईत फोर्टात रिझर्व्ह बँकेचं आहे. तिथली नाणी पाहायला कपाट लागत नाही आणि घरी आल्यावर "केवढ्याला पडलं?" असं कुणी विचारत नाही.

उरलेल्या ढिगाचं काय करायचं, हा प्रश्न वाटला तितका सोपा नव्हता. वैष्णोदेवीचं नाणं लाखाला जातं अशी अफवा आमच्या सोसायटीतही पोचली होती. बाजारात गेलो तर त्याला फारसं कुणी विचारेना. शेजारच्या काकांनी उलट मलाच एक नाणं दाखवलं. रामपंचायतन, ईस्ट इंडिया कंपनी, साल 1818. कंपनी सरकारने असलं नाणं कधी पाडलंच नाही, ते देवाच्या नावावर विकलं जाणारं अलीकडचं टोकन असतं, हे मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. त्यानंतर काका माझ्याशी लिफ्टमध्ये बोलत नाहीत. चार टांकसाळींचे रुपये शेवटी भाच्याला दिले. आता बहिणीचा फोन येतो, "दादा, याला काहीतरी सांग, सालाखाली टिंब बघितल्याशिवाय दुधाचे पैसे देत नाही."

वीसच्या नियमाला पळवाटा आहेत, नाही असं नाही. पुस्तकं मोजायची नाहीत, पदकं मोजायची नाहीत, 'अजून ठरलेलं नाही' अशा नाण्याला पाकिटात काही दिवस राहू द्यायचं. तरीही नियमाने खरेदीची रीतच बदलली. पूर्वी व्यापारी म्हणायचा, "घ्या हो, स्वस्त आहे," आणि मी घ्यायचो. आता आधी मनात यादी फिरते: हे आलं तर कोण जाणार? बहुतेक वेळा कोणीच जात नाही, म्हणून हेही येत नाही. जे आहे ते पुन्हा पुन्हा पाहिलं जातं. ढीग होता तेव्हा मी नाणी मोजत होतो, आता ती वाचतो.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. आजीच्या डब्यात जुनी नाणी निघाली तर त्यांना चिंच लावू नका, लिंबू लावू नका, राखही नको. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त अल्बममध्येही घालू नका, काही वर्षांत नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो. "तुमचं नाणं लाखाला घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा," असा फोन आला तर ठेवून द्या. अशा फसवणुकीबद्दल खुद्द रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये लोकांना सावध केलं आहे. आणि जमवायचीच असतील तर पहिलं नाणं घेतानाच शेवटचा आकडा ठरवा. दहा ठरवा, वीस ठरवा, पन्नास ठरवा. पण तो आकडा कपाटाने ठरवण्याआधी तुम्ही ठरवा.