सपाट पृथ्वीची फाटाफूट

‘कोणावरही विश्वास ठेवू नका, स्वतःच्या डोळ्यांनी बघा’ हे ज्या संघटनेचं ब्रीद असेल, तिच्या खजिनदाराची मला फार काळजी वाटते. अशा संघटनेतला सभासद आधी सरकारवर संशय घेतो, मग शास्त्रज्ञांवर, मग वर्तमानपत्रांवर. ही यादी संपली की शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या दुसऱ्या सभासदावर. संशयाला रविवारची सुट्टी नसते. पृथ्वी सपाट आहे असं मानणाऱ्या इंग्लंड-अमेरिकेतल्या मंडळींचं गेल्या काही वर्षांत नेमकं हेच झालं आहे.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की ही सगळी मंडळी एका सुरात बोलत असणार. छे! पृथ्वी गोल नाही, एवढ्या एकाच मुद्द्यावर त्यांचं एकमत. मग ती आहे तरी कशी, असं विचारलंत की सभा उधळलीच म्हणून समजा. एक गट म्हणतो, पृथ्वी थाळीसारखी आहे, मधोमध उत्तर ध्रुव आणि कडेनं अंटार्क्टिकाच्या बर्फाची भिंत. भिंतीपलीकडे काय? काही नाही, असं एक उत्तर. बर्फच बर्फ, अनंतापर्यंत, हे दुसरं. आणखी खंड आहेत आणि सरकारनं ते लपवून ठेवले आहेत, हे तिसरं. डोक्यावर घुमट आहे की नाही, यावर बायबलवाले आणि बिगर-बायबलवाले एकमेकांची तोंडं बघत नाहीत. गुरुत्वाकर्षणाचं तर विचारूच नका. एका गटाच्या मते अख्खी पृथ्वी सेकंदाला सेकंदागणिक ९.८ मीटर अशा त्वरणानं वर वर चालली आहे. म्हणजे झाडावरून आंबा खाली पडत नाही, पृथ्वीच त्याला घ्यायला वर येते. दुसऱ्या गटाला हा चावटपणा वाटतो. त्यांच्या मते गुरुत्वाकर्षण वगैरे काही नसतंच, जड वस्तू खाली जाते आणि हलकी वर तरंगते, एवढंच. ‘खाली’ म्हणजे कुठल्या बाजूला, असं विचारणारा माणूस गटातून काढला जातो.

या घराण्याचा मूळपुरुष सॅम्युअल रोबॉथम नावाचा इंग्रज. १८३८ साली तो ओल्ड बेडफर्ड नदीच्या सरळसोट कालव्यात उतरला, दुर्बीण पाण्यालगत धरली आणि सहा मैल दूर गेलेली नाव अजून दिसते म्हणून पृथ्वी सपाट, असं त्यानं जाहीर केलं. पाण्यालगतच्या हवेत प्रकाश वाकतो, ही बारीकशी गोष्ट त्याच्या हिशेबात नव्हती. १८७० मध्ये त्याच्या पंथातल्या जॉन हॅम्डेननं पैज लावली: पृथ्वीचा बाक दाखवा आणि ५०० पौंड घेऊन जा. पैज स्वीकारली आल्फ्रेड रसेल वॉलेसनं, म्हणजे डार्विनच्या बरोबरीनं नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त मांडणाऱ्या शास्त्रज्ञानं. त्यानं त्याच कालव्यावर प्रकाश वाकण्याचा हिशेब धरून, उंचावर खुणा उभारून बाक दाखवला. दोन्ही बाजूंच्या पंचांनी एकाच दुर्बिणीतून बघितलं. हॅम्डेनचा पंच म्हणाला, बघा, सपाट! शेवटी ‘द फील्ड’ या नियतकालिकाच्या संपादकानं वॉलेसच्या बाजूनं निकाल दिला. हॅम्डेननं पुढे कित्येक वर्षं वॉलेसला शिवीगाळीची पत्रं पाठवली, त्याच्या बायकोलासुद्धा धमकी दिली आणि बदनामीबद्दल तुरुंगवासही भोगला. पैजेचे पैसे कायद्यानं वसूल करता येत नाहीत, असं ठरल्यामुळे वॉलेसच्या हाती मनस्ताप तेवढा राहिला. एकाच दुर्बिणीतून बघून दोन पंच दोन निकाल देतात तेव्हा वाद पृथ्वीचा राहिलेला नसतो, हे त्याच दिवशी कळायला हवं होतं. पण त्या काळी भांडायला टपालाचं तिकीट लागायचं, त्यामुळे रोग आटोक्यात होता.

१९५६ मध्ये डोव्हरच्या सॅम्युअल शेंटननं रीतसर संस्था काढली. त्याच्यानंतर १९७० च्या दशकात कारभार गेला कॅलिफोर्नियातल्या चार्ल्स जॉन्सनकडे. वाळवंटाच्या काठावर नवरा-बायको दोघं मिळून संस्था चालवत. १९९५ मध्ये घराला आग लागली आणि सभासदांच्या याद्या जळाल्या. २००१ मध्ये जॉन्सन वारला, आणि संस्थाही त्याच्यामागे गेली असं सगळ्यांना वाटलं. मग इंटरनेट आलं.

२००४ मध्ये डॅनिएल शेंटननं संस्थेला ऑनलाइन पुनर्जन्म दिला. जुन्या शेंटनशी याचं काही नातं नाही, नुसतं आडनाव सारखं. नवा अध्यक्ष पृथ्वी सपाट मानायचा, पण उत्क्रांती मानायचा आणि माणसामुळे हवामान तापतंय हेही मानायचा. म्हणजे डार्विन बरोबर, हवामानशास्त्रज्ञ बरोबर, फक्त भूगोलाचे मास्तर खोटारडे. इतका मवाळ नेता पंथाला कसा परवडणार? २०१३ मध्ये संस्था फुटली. नव्या गटानं आपलं वेगळं दुकान थाटलं, आणि एकाच नावाच्या दोन संस्था आपापल्या सपाट पृथ्वीवर नांदू लागल्या.

त्यानंतरचं दशक व्हिडिओवाल्यांचं. २०१५ च्या सुमारास मार्क सार्जंट आणि एरिक डुबे ही नावं गाजू लागली. डुबेनं सपाटपणाचे २०० पुरावे मांडले. पुराव्यांचं द्विशतक पूर्ण झाल्यावर त्यानं आपली खरी कामगिरी सुरू केली, ती म्हणजे बाकीचे सपाटवाले खोटे असल्याचं सिद्ध करणं. त्याच्या मते जुनी संस्था ही चळवळीची टिंगल व्हावी म्हणून शत्रूनंच उभी केलेली आणि सार्जंट हा पेरलेला माणूस. पुण्यातल्या दुकानावर ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी असते, तसं डुबेचं म्हणणं: सपाट पृथ्वी मिळण्याचं एकमेव ठिकाण हेच.

‘बिहाइंड द कर्व्ह’ या २०१८ च्या माहितीपटात हा सगळा संसार उघडा पडला आहे. पॅट्रिशिया स्टीअर ही पंथातली लोकप्रिय निवेदिका. तिच्यावर पंथातल्याच लोकांनी आरोप केला की ती अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याची बाई आहे. पुरावा? तिच्या नावाची शेवटची तीन इंग्रजी अक्षरं सी, आय, ए. गुप्तहेर खातं इतकं विसराळू, की हेराच्या नावातच आपली पाटी लावून मोकळं झालं! गंमत पुढेच आहे. आपल्याबद्दल लोक इतकं धादांत खोटं रचतात, तर आपणही इतरांबद्दल तेच करत असू का, असा प्रश्न क्षणभर तिच्या मनात डोकावतो. माहितीपटातली ती सगळ्यांत शहाणी जागा. तिथून ती झटकन मागे फिरते.

याच माहितीपटात बॉब नोडेल आणि त्याचे मित्र तब्बल २०,००० डॉलरचा लेझर जायरोस्कोप विकत घेतात. पृथ्वी फिरत असेल तर तो तासाला १५ अंश सरकलेला दिसेल, नाही तर नाही. तो तासाला १५ अंश सरकतो. खऱ्या संशोधकाला इतका स्वच्छ निकाल आयुष्यात क्वचित मिळतो. नोडेलनं तो स्वीकारायला साफ नकार दिला. आकाशातल्या कसल्याशा ऊर्जेमुळे यंत्र बिघडत असेल म्हणून त्याला बिस्मथ धातूचं कवच घालण्याची तयारी सुरू झाली. दुसरा प्रयोग जेरन कँपनेला याचा. १७ फूट उंचीवर भोकं असलेल्या फळ्या, पलीकडे तेवढ्याच उंचीवर धरलेला दिवा. पृथ्वी सपाट असेल तर उजेड दिसायला हवा. दिसत नाही. दिवा २३ फूट उंचीवर न्यायला सांगतात, लख्ख दिसतो. जेरन म्हणतो, ‘इंटरेस्टिंग’. माहितीपट तिथे संपतो. जेरनचं नाव लक्षात ठेवा.

ही मंडळी जमली तरी कुठून? टेक्सास टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी सपाटवाल्यांच्या २०१७ आणि २०१८ च्या परिषदांना आलेल्या ३० जणांशी बोलून पाहिलं. एकाचा अपवाद सोडला तर सगळे यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून सपाट झालेले. जानेवारी २०१९ मध्ये यूट्यूबनं जाहीर केलं की असे व्हिडिओ आपण होऊन कोणापुढे ढकलणं आता कमी करू, आणि उदाहरण म्हणून सपाट पृथ्वीचंच नाव घेतलं. घर आधी पेटवायचं आणि मग काड्यापेटीचा खप मर्यादित ठेवू म्हणायचं, असा तो मामला. बास्केटबॉलपटू कायरी अर्विंगनंही २०१७ मध्ये पृथ्वी सपाट असल्याचं ठणकावून सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी त्यानं देशातल्या तमाम विज्ञान-शिक्षकांची माफी मागितली. व्हिडिओच्या नादात वाहवलो, म्हणाला. त्याला माफी परवडली, कारण त्याच्याकडे दुसरी ओळख होती. चेंडू टाकता येतो म्हणून त्याला लोक ओळखत होते. ज्याच्याकडे चेंडू नाही त्यानं काय करायचं?

त्याचं उत्तर डिसेंबर २०२४ मध्ये मिळालं. कोलोरॅडोतल्या विल डफी नावाच्या पाद्र्यानं ठरवलं की वाद कायमचा मिटवू. सपाट नकाशात सूर्य उत्तर ध्रुवाभोवती घिरट्या घालतो, त्यामुळे कडेच्या बर्फावर, म्हणजे अंटार्क्टिकात, तो चोवीस तास न मावळता दिसणं शक्यच नाही. सपाटवाल्यांनी स्वतःच वर्षानुवर्षं हे सांगितलं होतं. डफी म्हणाला, चला, बघायला जाऊ, खर्च आमचा. बरेच नामवंत सपाटवाले अचानक कामात गुंतले. जे गेले त्यांत होता आपला जेरन. युनियन ग्लेशियरच्या तळावर सूर्य चोवीस तासांत डोक्याभोवती एक फेरा घालून आला, पण मावळला नाही. जेरननं कॅमेऱ्यासमोर सांगितलं की हा सूर्य मावळत नाही, मी चुकलो होतो, आणि एवढं म्हटल्याबद्दल आता मला विकला गेलेला माणूस ठरवतील. त्याचा पहिला अंदाज चुकला होता, हा दुसरा शंभर टक्के बरोबर आला.

घरी राहिलेल्यांनी कामाला सुरुवात केली. कोणी म्हणालं, हा सगळा स्टुडिओतला खेळ. कोणी म्हणालं, जेरन पहिल्यापासूनच त्यांचा होता. सगळ्यांत हुशार मंडळींनी शोध लावला की चोवीस तासांचा सूर्य सपाट पृथ्वीवरही दिसू शकतो, त्यात काय एवढं! कालपर्यंत जो पुरावा निर्णायक होता तो आज किरकोळ झाला. सिद्धान्त बदलला, शत्रू तोच राहिला.

आता या पंथाच्या घटनेतलं खरं कलम दिसतं. भिंतीपलीकडे खंड आहेत म्हणा, नाहीत म्हणा. घुमट काचेचा म्हणा, पाण्याचा म्हणा. दर आठवड्याला मत बदला, कोणी विचारणार नाही. एकच गोष्ट करायची नाही: ‘ग्लोबर’ मंडळींना, म्हणजे तुम्हा-आम्हाला, एखाद्या मुद्द्यावर बरोबर म्हणायचं नाही. पंथात मतभेदाला भरपूर मोकळीक असते, मतपरिवर्तनाला नसते. कारण परिषदेची तिकिटं, व्हिडिओचे प्रेक्षक, रात्री दोनला फोन उचलणारे मित्र, कधी कधी लग्नसुद्धा, सगळं त्या एका सपाट पृथ्वीवर उभं असतं. ती गोल झाली की हे सगळं घरंगळून जातं.

पृथ्वीबद्दल चुकणं हा काही गुन्हा नाही, आपल्याकडेही पिढ्यानपिढ्या चुकले. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वी गोल असूनही सपाट का भासते हे समजावून सांगितलं: परिघाचा लहानसा तुकडा बघणाऱ्याला सरळच दिसणार. तरीही पुराणांतली मेरूभोवतीची विस्तीर्ण सपाट पृथ्वी कीर्तना-प्रवचनांत सुखानं नांदत राहिली. १८३० च्या दशकात सीहोरच्या पाठशाळेतल्या सुबाजी बापूंनी पुराणांची, सिद्धान्तांची आणि कोपर्निकसची पृथ्वी शेजारी शेजारी ठेवून चक्क मराठीत पुस्तक लिहिलं. पंडितांचे वादही झाले. पण ‘आम्ही सपाटवाले’ असं आडनाव कोणी लावलं नाही. पंचांग गोल पृथ्वीवर मांडायचं, कथा सपाट पृथ्वीवर ऐकायची आणि दोन्ही पोथ्या एकाच फडताळात ठेवायच्या, ही आमची तडजोड तर्काला धरून नसेल, पण त्यात एक सोय होती: चूक ही नुसती चूक राहिली. चूक मत असते तोवर दुरुस्त करता येते. ती आडनाव झाली की दुरुस्त करणारा घरभेदी ठरतो.

आडनावं वाटण्यात आपण ग्लोबरही मागे नाही. जेरन परतला तेव्हा ‘आत्ता कळलं होय?’ म्हणून दात काढणाऱ्यांत गोल पृथ्वीवरचे विद्वान कमी नव्हते. एका बाजूला गद्दार म्हणणारे, दुसऱ्या बाजूला मूर्ख म्हणणारे. मधे उभं राहायला जागा नाही. डफीनं मात्र हसण्याऐवजी तिकीट काढलं, आणि दीडशे वर्षांत वॉलेसच्या खुणांना, लेझरला, उपग्रहांच्या फोटोंना जे जमलं नाही ते निदान एका माणसाच्या बाबतीत जमलं.

तेव्हा सपाट पृथ्वीच्या सर्व अधिकृत, मूळ आणि खऱ्या संघटनांना एक नम्र सूचना. पुढच्या परिषदेत बर्फाच्या भिंतीचा ठराव जरा बाजूला ठेवा आणि आधी यावर हात वर करून मतदान घ्या: मत बदलून बाहेर पडलेल्या सभासदाला यापुढे चहाला बोलवायचं की नाही? निकाल ‘नाही’ लागला, तर भिंत शोधायला अंटार्क्टिकापर्यंत जायची गरज नाही. ‘हो’ लागला, तर जपून. त्याच संध्याकाळी संस्थेचे चार तुकडे होतील आणि चारही गट एकमेकांना गुप्तहेर म्हणतील.