मॅडमचे स्टूल

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात भिंतीवर तो तक्ता असतोच. डावीकडे एक माणूस कंबरेतून वाकून खोके उचलतो, त्याच्यावर लाल फुली. उजवीकडे गुडघे दुमडून उचलतो, तिथे हिरवी खूण. खाली ठळक सूचना : फार वेळ एका जागी उभे राहू नका. या सूचनेखाली मॅडम सकाळी नऊपासून उभ्या आहेत.

बसायला स्टूल नाही असे कोण म्हणतो? आहे की एक. त्यावर करंट द्यायचे मशीन ठेवलेले असते. मशीन महागाचे, त्याला ओल लागू नये, कुणाचा धक्का लागू नये, म्हणून त्याला आसन. मशीन बिघडले तर कंपनीचा माणूस धावत येतो. मॅडमची कंबर धरली तर मॅडमनी रजा घ्यायची आणि पगार कापून घ्यायचा. मशीन तापते म्हणून दुपारी अर्धा तास बंद ठेवतात. त्या अर्ध्या तासात मॅडमनी अर्धांगवायू झालेल्या आजोबांना खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर न्यायचे. आजोबा 85 किलोंचे. तक्त्यातले खोके निदान 'हळू गं बाई, मेलो' असे ओरडत तरी नाही! आजोबांना खुर्ची आहे. आजोबांच्या चिरंजीवांना खुर्ची आहे, तीत रेलून ते मोबाइलवर तोच व्यायाम शोधतात आणि विचारतात, "मॅडम, हे घरीच केलं तर चालेल ना?" औषध कंपनीचा प्रतिनिधी आला की त्याच्यासाठी आतून खुर्ची येते. 8 सप्टेंबरला जागतिक फिजिओथेरपी दिन असतो, तेव्हा मात्र स्टुलावरचे मशीन खाली उतरवतात. केक ठेवायला.

दुकानात दिवसभर साड्या दाखवणाऱ्या बायकांना बसता यावे म्हणून केरळने 2018मध्ये आणि तमिळनाडूने 2021मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. आमच्याकडे पाठीचा कणा कसा सांभाळावा हे चार वर्षे शिकलेल्या, वर सहा महिने इंटर्नशिप केलेल्या मुलीने तो कणा कुठे टेकावा, याचा विचार करायला कुणाला सवड आहे?

आणि पगार! जाहिरातीत लिहितात, 'पगार अनुभवानुसार'. मुलाखतीत अनुभव खोदून खोदून विचारतात, आकडा मात्र चहा संपल्यावर हळूच बाहेर काढतात : 12 हजार. तोंड पडलेले दिसले की समजूत घालतात, "पण इथे शिकायला मिळेल." अहो, शिकायचे होते तेव्हा तिच्या बापाने कर्ज काढून फी भरली. शिकून झाले म्हणूनच ती तुमच्या दारात आली ना? संध्याकाळी पेशंटच्या घरी पाठवता, पेट्रोल तिचे, स्कूटर तिची, फी तुमची. रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरचे पाकीट दर महिन्याला न चुकता पोचते. त्याला कुणी अनुभव विचारत नाही, शिकायला मिळेल असेही सांगत नाही. निर्लज्जपणाला काही मर्यादा?

तेव्हा मुलींनो, नेमणूकपत्र मागा. पगार, कामाचे तास आणि पेट्रोलचा खर्च त्यात लेखी घ्या. 'शिकायला मिळेल' हे शब्द कानावर पडले की सरळ उठून या. मुलाखतीपुरती खुर्ची देतात.